मुदपाकखाना उघडा

उपनगरनामा

बोरिवलीपासून मुलुंडपर्यंत महिलांसाठी काही करायचं ठरवलं की आपल्या सामाजिक संस्थांना आधी पाककलेचा वर्ग सुचतो. आठ-दहा दिवस केक, चॉकलेट, पंजाबी भाज्या. शेवटी पाहुण्यांच्या हस्ते प्रमाणपत्रं आणि बॅनरसमोर फोटो. हेतूबद्दल शंका नाही. पण गणपतीत एकवीस मोदक सफाईने वळणाऱ्या, घरात पंचवीस पानं एकटीने उठवणाऱ्या बाईला आणखी एक पाककृती शिकवून तिचा धंदा कसा उभा राहणार? तिचं अडतं ते दुसरीकडेच.

याचं उत्तर मुंबईला पन्नास वर्षांपूर्वीच मिळालं होतं. कोकणातून आणि घाटावरून आलेला एकटा गिरणी कामगार महिन्याच्या बोलीवर कुणा खाणावळवाल्या बाईकडे जेवायचा. तिच्या हाताला चव होती, गिऱ्हाईक बांधलेलं होतं. पण कामगाराचे पैसे पगार झाल्यावर मिळणार आणि वाण्याला द्यायचे आज. मग उधारी, उधारीवर व्याज, व्याजापायी गहाण. गोवा मुक्तिलढ्यातून आणि कामगार चळवळीतून आलेल्या प्रेमाताई पुरव यांनी 1975 साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं ते या दुखण्यावर. त्यांनी या बायकांना आमटी शिकवली नाही. त्यांचे गट बांधले आणि एकमेकींच्या जामिनावर त्यांना राष्ट्रीयीकृत बँकेचं कर्ज मिळवून दिलं. पुढे 1982 च्या संपात धुराडी थंडावली, कामगार गावाला गेला आणि खाणावळींचं गिऱ्हाईकच तुटलं. तेव्हा एकेकटी बाई बुडाली असती. संघटना होती म्हणून केटरिंगसारखी नवी वाट धरता आली.

दुसरा धडा लिज्जतचा. 1959 साली गिरगावातल्या एका गच्चीवर सात बायकांनी 80 रुपये उसने घेऊन पापड लाटायला घेतले, ही गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. मला त्यातली रोजची व्यवस्था जास्त मोलाची वाटते. सकाळी केंद्रावर मळलेलं पीठ मिळतं. बाई ते घरी नेते, लाटते, वाळवते आणि दुसऱ्या दिवशी पापड आणून देते. तपासणी झाली की लाटण्याची मजुरी हातात पडते. जिच्या घरी पापड वाळवायला स्वच्छ जागा नाही, तिला पीठ मळण्याचं किंवा पॅकिंगचं काम मिळू शकतं. कच्चा माल, दर्जा आणि विक्री यांची काळजी संस्थेने वाहिली, म्हणून बाईला फक्त लाटायचं राहिलं.

आता आजच्या उपनगरात या. घाटकोपरला किंवा कांदिवलीला दोन खोल्यांच्या घरात एक बाई व्हॉट्सअॅपवर चकल्यांच्या ऑर्डरी घेते. ओटा चार फुटांचा, शेगडी दोन बर्नरची. तळणीचा वास जिन्यात गेला की सोसायटीची तक्रार येते. ऑर्डर पाच किलोवरून पन्नासवर गेली की ती आनंदण्याऐवजी घाबरते. अन्नसुरक्षेची नोंदणी छोट्या घरगुती व्यवसायाला फारशी अवघड नाही. केंद्राच्या 2020 सालच्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत भांडवली खर्चावर 35 टक्के अनुदान ठेवलं गेलं, कमाल 10 लाखांपर्यंत. पण अनुदानाचं यंत्र ठेवायचं कुठे? गाळ्याचं भाडं ऐकून विषय तिथेच संपतो.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे: उपनगरात कमतरता शिकवणीची नाही, स्वयंपाकघराची आहे. आणि स्वयंपाकघरं आपल्याकडे आहेत. विश्वस्त संस्थांची मंगल कार्यालयं आणि सभागृहं पार्ल्यात, मुलुंडला, बोरिवलीला कमी नाहीत. प्रशस्त मुदपाकखाना, मोठ्या शेगड्या, पाण्याची सोय, माल उतरवायला जागा, सगळं तयार. चातुर्मासात लग्नाचे मुहूर्त जवळपास नसतात. तुळशीचं लग्न लागेपर्यंत तिथली वर्दळ ओसरलेली असते. घरगुती खाद्यव्यवसायाचा भरगच्च हंगाम नेमका हाच! गणपतीचे मोदक, नवरात्रातलं उपवासाचं, मग दिवाळीचा फराळ आणि परदेशी जाणारी पार्सलं. एकीकडे जागा मोकळी, दुसरीकडे जागेवाचून ऑर्डर नाकारणारी बाई, आणि मध्ये फक्त कुलूप.

हे मुदपाकखाने तासावर द्यावेत. एक जबाबदार व्यवस्थापिका, सामायिक वजनकाटा, मोठा फ्रीज आणि हिशेबाची वही. खरं प्रशिक्षण तिथेच होईल: तेल कधी बदलायचं, लेबलवर काय लिहायचं, दर कसा काढायचा. दर विचारला की आपल्या बायका डाळ, तेल, मसाला मोजतात, गॅस अर्धामुर्धा धरतात आणि स्वतःचे तास धरतच नाहीत. ही सवय फळ्यावर लिहून मोडत नाही, शेजारणीची वही पाहून मोडते. वेसाव्याच्या कोळिणीला तिचा मसाला आणि सुकटीची चटणी तिथे बाटलीत भरता येईल. पावसाळ्यात बोरिवली स्टेशनबाहेर टाकळा-कुर्डूच्या जुड्या विकणाऱ्या आदिवासी बायकांकडून भाजी घेऊन ती शिजवूनही विकता येईल. आपलं स्थानिक अन्न जपायचं असेल तर ते विकलं गेलं पाहिजे. महोत्सवात एकदा चाखून ते टिकत नाही.

विश्वस्तांच्या अडचणी मला ठाऊक आहेत. आगीची भीती, साफसफाईची कटकट आणि सगळ्यात मोठी म्हणजे मुदपाकखाना एखाद्या केटररच्या ठेक्यात बांधलेला असणं. पहिल्या दोन्हींना अनामत रक्कम, विमा आणि कडक नियम हा इलाज आहे. तिसरीला इलाज ठेक्याच्या पुढच्या नूतनीकरणात आहे: मुहूर्त नसलेले दिवस करारातून वगळायचे. यात संस्थेला तोटा नाही; बंद चुलीचं भाडं कुणी देत नाही.

तुम्ही अशा एखाद्या संस्थेचे सभासद असाल तर पुढच्या सर्वसाधारण सभेत उभे राहा आणि एवढंच विचारा: गेल्या चातुर्मासात आपला मुदपाकखाना किती दिवस बंद होता? उत्तर इतिवृत्तात नोंदवायला लावा. पुढचा ठराव त्या आकड्यावर मांडता येईल.