आगगाडी जपली, आगबोट विसरली

१/४
नेरळहून माथेरानच्या छोट्या गाडीने दिवसाची सफर करणारा प्रवासी इतिहासाला स्पर्श केल्याच्या आनंदात परततो. २ फूट रुंदीच्या रुळांवरून सुमारे २० किलोमीटर घाट चढणारी ही गाडी पीरभॉय घराण्याने १९०७ साली सुरू केली. वाफेची इंजिने गेली, तरी मार्ग जपला गेला. हे योग्यच झाले.

२/४
मिठबावच्या वाट्याला मात्र वाफेची गाडी आलीच नाही. कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग १९९८ साली खुला झाला, तोही डिझेलच्या बळावर आणि किनाऱ्यापासून दूर, कणकवलीवरून.

३/४
या किनाऱ्याचे वाफेचे युग समुद्रावर अवतरले. मुंबईतील गिरणीत राबणारा चाकरमानी आगबोटीने देवगड, मालवण वा वेंगुर्ले गाठी. बोट खोल पाण्यात थांबे आणि पडाव उतारूंना किनाऱ्यावर आणी. या प्रवासाची भीतीही होती: १७ जुलै १९४७ रोजी रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बुडाली आणि सहाशेहून अधिक जीव गेले.

४/४
रूळ जमिनीवर उरतात, म्हणून जपले जातात. पाण्यावर काहीच उरत नाही. आगबोटीचा वारसा आता वृद्धांच्या स्मरणातच आहे. माथेरानच्या तिकिटाइतकीच आस्था त्या आठवणी लिहून घेण्यात दाखवायला हवी, आणि तीही ही पिढी हयात असतानाच.