माप वेगळे, मोल एकच

रमजानचा शेवटचा अशरा आला की मोहल्ल्यामोहल्ल्यांत विचारणा सुरू होते, यंदा फित्रा किती? ईदच्या नमाजापूर्वी घरातल्या प्रत्येकाच्या, तान्ह्या बाळाच्याही नावाने फित्रा काढायचा असतो. हेतू साधा आहे. रोजांत राहून गेलेली उणीव भरून निघावी आणि ईदच्या दिवशी कोणत्याही गरिबाची चूल थंड राहू नये.

पैगंबरांच्या काळात मदिनेत हे माप होते एक साअ खजूर किंवा जव. लोकांच्या घरात तेच धान्य, तीच फळे असत. पुढे इस्लाम निरनिराळ्या मुलखांत पोहोचला, तशी ताटे बदलली. हनफी पंथात गव्हाचे माप अर्धा साअ, म्हणजे सुमारे पावणेदोन किलो, किंवा त्याची किंमत ठरली. शाफई पंथात त्या त्या मुलखाचे मुख्य अन्न पूर्ण साअ द्यायचे असते. म्हणूनच महाराष्ट्रात मराठवाड्यातला हनफी मुसलमान गव्हाचा भाव विचारतो, तर शाफई परंपरेतला कोकणी मुसलमान तांदूळ मोजतो. माप दोन झाले, पण मूल्य एकच राहिले. उलट ते अधिक मोठे झाले, कारण आता ते एका गावच्या पिकाला बांधलेले नव्हते.

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खेम यांनी १८९३ मधल्या आपल्या ग्रंथात समाजाची हीच वाटचाल सांगितली आहे. समाज लहान असतो तेव्हा त्याचे नियम बारीकसारीक असतात. तो वाढतो, व्यवसाय आणि राहणी वेगळी होते, तेव्हा सर्वांना बांधून ठेवणारी मूल्ये अधिक व्यापक होत जातात.

भारतासारख्या देशात ही गरज आणखी मोठी आहे. इथे ताटेच नव्हे, धर्म, जाती आणि भाषाही वेगळ्या. कुठे फित्रा आहे, कुठे लंगर आहे, कुठे अन्नदान आहे. प्रत्येकाची रीत वेगळी. पण ‘कुणी उपाशी राहू नये’ ही भावना सगळ्यांच्या ओळखीची. संविधानाच्या उद्देशिकेने त्याहून व्यापक शब्द दिले, सामाजिक न्याय आणि बंधुता. आणि २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने पात्र कुटुंबांतील व्यक्तींना दरमहा माणशी ५ किलो धान्याचा हक्क दिला. प्राधान्य गटातल्या कुटुंबाला हे धान्य देताना दुकानदाराने धर्म विचारायचा नसतो. दानाचा हक्क होणे, ही मोठी मजल आहे.

मात्र व्यापक मूल्याला एक धोका असतो. ते सर्वांचे झाले की कुणाचेच उरत नाही. उपाशी माणसाची काळजी सरकार घेईल, असे म्हणून शेजारी मोकळा होतो. ई-पॉस मशीनवर म्हातारीचा झिजलेला अंगठा उमटत नाही, ती रिकामी पिशवी घेऊन परतते, आणि रांगेतले कुणी तिच्या बाजूने बोलत नाही. तेव्हा हक्क कागदावर शाबूत असतो आणि डबा रिकामा असतो.

दुसरा धोका उलट बाजूचा. माणूस मापालाच मूल्य समजू लागतो. कोणत्या मशिदीने जाहीर केलेला दर बरोबर, यावर तरावीहनंतर तासभर वाद होतो आणि गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या विधवेपर्यंत फित्रा ईदच्या नमाजानंतर पोहोचतो.

फित्र्याची शिकवण या दोन्हींच्या मधून जाते. मूल्य व्यापक हवे, पण त्याला वजन, मुदत आणि देणारा हातही हवा. जकात-फित्र्याचे नियम फिक्हच्या जाणकारांना विचारून पाळावेत. ऐच्छिक सदका तर कोणत्याही धर्माच्या गरजूला देता येतो. दिवसभराच्या भुकेने रोजेदाराला शिकवलेली गोष्ट एवढीच असते की भुकेला जमात नसते. ईदला अजून थोडे दिवस आहेत. घरचे धान्य मोजून झाले की शेजारच्या घरी रेशन मिळाले का, हेही विचारायला हवे.