“ढ” म्हणण्यापूर्वीं

शिक्षकाच्या हातून चुका पुष्कळ होतात. परंतु त्यांपैकीं बहुतेक तांबड्या शाईनें दुरुस्त होण्याजोग्या असतात. कांहीं मात्र तशा नसतात. अशी माझी एक चूक सांगून या लेखास आरंभ करितों. कारण ती सांगितल्यावांचून पुढील शास्त्रीय माहिती मी कां देत आहें हें वाचकांच्या ध्यानांत यावयाचें नाहीं.

कित्येक वर्षांपूर्वीं माझ्या इयत्ता सातवीच्या वर्गांत एक मुलगी होती. अक्षर मोत्यासारखें, उत्तरें नेमकीं. दिवाळीची सुटी संपवून ती परत आली ती जणूं कोणी निराळीच होऊन. अक्षर ओळीबाहेर धांवूं लागलें, पेन्सिल हातांतून पडूं लागली, प्रार्थनेच्या वेळीं हातपाय स्थिर राहीनात. आणि कांहीं विचारलें असतां तोंड वेडेंवांकडें होई. मी तो उपहास समजलों. धड्याचें एक पान दहा वेळां लिहून आणण्याची शिक्षा मीं तिला दिली. तिनें तें सातच वेळां लिहून आणलें, तेव्हां उरलेलें वर्गाबाहेर बसवून लिहविलें. चौथ्या दिवशीं तिची आई शाळेंत आली. “सर, ती मुद्दाम करीत नाहीं हो,” ती म्हणाली, “जेवतांना घाससुद्धां तोंडापर्यंत नीट जात नाहीं तिचा. झोंप लागली म्हणजे तेवढें सगळें थांबतें.” स्वतःच्या घासाशीं कोणी खोडी करीत नाहीं, एवढें मला त्या वेळीं उमगलें. डॉक्टरांनीं पहिला प्रश्न विचारला तो अभ्यासाविषयीं नव्हे, हातांविषयींही नव्हे. मध्यंतरीं घसा दुखून ताप आला होता काय, असें त्यांनीं विचारलें. आला होता, गणपतीच्या दिवसांत.

या रोगास सिडनहॅमचा कोरिया म्हणतात. थॉमस सिडनहॅम या इंग्रज वैद्यानें १६८६ सालीं त्याचें वर्णन केलें. तो बहुधा पांच ते पंधरा वर्षांच्या मुलांस, आणि त्यांतही मुलींस अधिक होतो. घशांत स्ट्रेप्टोकोकस नांवाचे जंतू शिरले म्हणजे त्यांना ओळखून धरणारीं प्रतिपिंडें शरीर तयार करितें. परंतु त्या जंतूंच्या कांहीं अंशांचें, आणि मेंदूच्या तळाशीं राहून आपल्या हालचालींना आळा घालणाऱ्या पेशींच्या कांहीं अंशांचें रूप एकमेकांशीं इतकें मिळतें कीं, चोरासाठीं काढलेलें वॉरंट घरच्याच माणसावर बजावलें जातें. आजचे शास्त्रज्ञ या रोगाचें कारण असें सांगतात. म्हणजे मुलीच्या बिघडलेल्या अक्षराचें मूळ तिच्या स्वभावांत नव्हतें, तर तिच्या रक्तांतील रक्षकांत होतें; आणि शिक्षा मीं तिच्या स्वभावाला केली.

शरीराच्या या रक्षकांचा मेंदूशीं संबंध असावा ही गोष्ट शास्त्रालाही सहजासहजीं पटली नाहीं. परक्या पदार्थाला वेढून गिळणाऱ्या पेशी एली मेचनिकॉफ यांनीं १८८२ सालीं मेसिना येथें तारामाशाच्या अर्भकांत पाहिल्या व त्याबद्दल त्यांस पुढें १९०८ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. (मुंबईस १८९७ सालीं प्लेगची लस प्रथम स्वतःला टोंचून घेणारे हाफकिन हे त्यांचेच विद्यार्थी, परळच्या संस्थेमुळें तें नांव आपल्याकडे घरोघर ठाऊक आहे.) मेंदूंतही अशाच भक्षक पेशी आहेत, असें स्पेनमधील पीओ देल रीओ-होर्तेगा यांनीं १९१९ सालीं दाखविलें, त्यांस मायक्रोग्लिया म्हणतात. तरीही त्या केवळ झाडूवाल्या असाव्यात, घाण पडली तर उचलाव्या आणि एरवीं स्वस्थ बसावें, अशीच समजूत दीर्घकाळ होती. १९४८ सालीं पीटर मेडावर यांच्या सशांवरील प्रयोगांत मेंदूंत लावलेलें परकें कातडें सहजासहजीं नाकारलें जात नाहीं असें दिसून आलें, आणि मेंदू हा रक्षकांच्या फेरीबाहेरचा प्रांत होय ही समजूत आणखी दृढ झाली.

ती आतां राहिली नाहीं. आणि येथेंच या विषयांतील सर्वांत नवलाची गोष्ट आहे: हे रक्षक निरोगी मेंदूंतही कामावर असतात, आणि तें काम लढाईचें नसून घडणीचें असतें.

आपण शिकतों तें मेंदूंतील पेशींच्या परस्परांशीं होणाऱ्या जोडणींमुळें. या जोडण्या बालपणीं गरजेपेक्षां कितीतरी अधिक निर्माण होतात आणि मग त्यांतील वापरांत नसलेल्या काढून टाकल्या जातात. नाशिककडील वाचकांस द्राक्षमळ्याचा दाखला पटेल. एप्रिलांत खरड छाटणी व ऑक्टोबरांत फळछाटणी केली नाहीं तर मांडव हिरवागार दिसतो, पण घड धरत नाहींत. आणि छाटणाऱ्यानें कात्री भलत्याच डोळ्यावर चालविली तरीही घड धरत नाहींत. मेंदूंत कोणती फांदी काढावयाची याची खूण लावतात तीं सी-१-क्यू व सी-३ या नांवांचीं प्रथिनें. रक्तांत हींच प्रथिनें जंतूंवर “हा गिळावा” अशी खूण लावीत असतात. बेथ स्टीव्हन्स, बेन बॅरेस व त्यांचे सहकारी यांनीं २००७ सालीं दाखविलें कीं, ज्या उंदरांत हीं प्रथिनें नसतात त्यांच्या डोळ्यांपासून मेंदूकडे जाणाऱ्या जोडण्यांची छाटणी अपुरी राहते. खूण लागलेली जोडणी मायक्रोग्लिया पेशी खरोखरच गिळतात, हेंही २०१२ सालीं उंदरांतच पाहण्यांत आलें. त्यापूर्वीं, २००० सालीं, कार्ला शॅट्झ यांच्या प्रयोगशाळेनें पेशीवरील ओळखचिन्हांबद्दल असेंच कांहीं सांगितलें होतें: आपली पेशी कोणती आणि परकी कोणती हें ज्या रेणूंवरून शरीर ओळखतें, तेच रेणू मेंदूच्या घडणीस व जोडण्यांच्या बळांतील फेरफारास लागतात.

छाटणीखेरीज दुसरें काम आवाज लहानमोठा करण्याचें. जोडण्यांवर पुष्कळ काळ संदेश कमी आले तर त्या अधिक संवेदनशील व्हाव्या लागतात. हें साधण्यांत टीएनएफ-अल्फा नांवाचा रेणू भाग घेतो, असें डेव्हिड स्टेलवॅगन व रॉबर्ट मॅलेंका यांनीं २००६ सालीं दाखविलें. हाच रेणू दाह भडकविणारा म्हणून संधिवाताच्या डॉक्टरांस परिचित आहे, आणि तेथें तो दाबण्यासाठीं महागडीं औषधें द्यावीं लागतात!

इंटरल्युकिन-१ ची गोष्ट पालकांनीं विशेष लक्षपूर्वक वाचावी. ताप आला असतां मूल निजून राहतें, जेवत नाहीं, खेळत नाहीं, पाठ केलेलें विसरतें. आपण म्हणतों, अंगांत शक्ति नाहीं. खरें पाहतां तो बराचसा मेंदूनें दिलेला हुकूम असतो. रोगाशीं झगडणारें शरीर इंटरल्युकिन-१ व तत्सम रेणूंच्या द्वारें मेंदूस निरोप धाडतें, आणि मेंदू इतर सर्व कामें मागें ठेवतो. हा रेणू फार झाला म्हणजे स्मरणाला बाध येतो. मग तो मुळींच नसला तर स्मरण उत्तम व्हावें कीं नाहीं? तसें होत नाहीं. ज्या उंदरांत त्याचा निरोप घेणारें द्वारच नसतें, त्यांना कांहीं प्रकारच्या गोष्टी लक्षांत ठेवणें कठीण जातें. थोडा हवा; फार नको.

“रोगप्रतिकारशक्ति वाढवा, बुद्धि तल्लख करा” अशा जाहिरातींचे डबे घेऊन जे पालक मला सल्ला विचारावयास येतात, त्यांस मी हेंच सांगतों. जी शक्ति मात्रेंत असतां मेंदू घडविते व मात्रेबाहेर गेली असतां मोडते, ती नुसती “वाढविण्यांत” कोणता लाभ? डब्याच्या पैशांत लसीकरण पुरें करावें, मुलांस दूधभाकर द्यावी आणि रात्रीं दहाला दिवा मालवावा.

मात्रा चुकल्याचीं उदाहरणें मोठ्या माणसांच्या रोगांतही आढळतात. २०१६ सालीं स्किझोफ्रेनियाच्या सुमारें २९ हजार रुग्णांची तुलना सुमारें ३६ हजार इतर लोकांशीं करण्यांत आली. त्यांत छाटणीच्या त्याच साखळींतील सी-४ या प्रथिनाचे अधिक क्रियाशील प्रकार ज्यांच्या जनुकांत आहेत त्यांना धोका थोडा अधिक असल्याचें दिसलें. हा रोग तारुण्याच्या उंबरठ्यावर कां सुरू होतो याचा कदाचित् यांत धागा असेल. त्याच वर्षीं अल्झायमर-सदृश रोग असलेल्या उंदरांत, रोगाच्या अगदीं आरंभीं, हीच छाटणी अवेळीं पुन्हां सुरू झालेली आढळली. आणि २००७ सालीं जोसेप डाल्माऊ यांनीं वर्णन केलेल्या आजारांत तर प्रतिपिंडें स्मरणाला लागणाऱ्या एनएमडीए ग्राहकांवरच धरणें धरून बसतात. चांगली शहाणी मुलगी आठवड्याभरांत असंबद्ध बोलूं लागते, ओरडते, झटके येतात. अशा वेळीं देवऋषाकडे धांव घेणारीं घरें सर्व धर्मांत आहेत. वेळीं औषध मिळालें तर यांतील बहुतेक रोगी सुधारतात. जो काळ अंगाऱ्याधुपाऱ्यांत जातो तो परत मिळत नाहीं.

माझे कांहीं सहव्यवसायी म्हणतील, कीं आपण आळशी विद्यार्थ्यांच्या हातीं एक नवी सबब देत आहां, उद्यां गणित चुकलें तर मुलगा म्हणेल, “सर, आज माझें इंटरल्युकिन वाढलें आहे.” खुशाल म्हणूं द्या, निदान शब्द तरी शुद्ध लिहावयास शिकेल. प्रत्येक मंद वाटणारें मूल आजारी असतें असें माझें म्हणणें नाहीं, आणि वर सांगितलेले बरेच प्रयोग उंदरांवरचे आहेत हें मी विसरलों नाहीं. आळस हा जुना, मुरलेला व सवयीचा असतो. त्याला तारीख नसते. ज्या बदलाला तारीख आहे, जो दिवाळीनंतर किंवा एखाद्या तापानंतर एकाएकीं झाला आहे, त्याला प्रथम डॉक्टर लागतो, शिक्षा नव्हे. एवढाच भेद आम्ही शिक्षकांनीं केला तरी पुष्कळ झालें. मीं तो केला नाहीं.

ती मुलगी कांहीं महिन्यांत बरी झाली. या रोगाच्या मागोमाग हृदयाच्या झडपांस इजा होण्याची भीति असते, म्हणून दर तीन आठवड्यांनीं पेनिसिलिनचें इंजेक्शन तिला पुढें अनेक वर्षें घ्यावें लागलें. घशाच्या दुखण्यास वेळीं औषध मिळालें असतें तर बहुधा ही वेळच आली नसती.

यंदापासून माझ्या वर्गापुरती मीं एक पद्धत घातली आहे. ती सर्व वर्गांस लागू व्हावी अशी माझी सूचना आहे. तीन दिवसांहून अधिक काळ आजारानें घरीं राहिलेल्या मुलाबरोबर पालकांनीं एक चिठ्ठी द्यावी. ताप किती दिवस होता, घसा किंवा सांधे दुखले काय, झोंप व जेवण पूर्ववत् झालें काय, आणि मुलाच्या वागण्यांत त्यांना कांहीं नवें दिसतें काय, एवढेंच तींत असावें. ती हजेरीपटांत ठेविली जाईल, आणि त्या मुलाची लेखी परीक्षा पहिले दोन आठवडे घेतली जाणार नाहीं. चिठ्ठी मोडक्यातोडक्या मराठींत असली तरी चालेल. तिचें व्याकरण मी तपासणार नाहीं.