साक्ष भंगारात विकू नका!

१७ सप्टेंबर १९४८ रोजी रझाकारी जुलमातून मराठवाडा सुटला. नांदेड-लातूरच्या घरांतून ती आठवण सांगणारे आता एकेक करून निघून चालले आहेत. माणसे गेली की साक्ष देतात त्या वस्तूच. म्हणूनच युद्धातील जुन्या विमानांना भंगार समजणाऱ्यांना जाब विचारला पाहिजे.

‘विक्रांत’चे आपण काय केले? १९७१ मध्ये जिच्यावरून उडालेल्या सी हॉक विमानांनी चितगाव, कॉक्स बाजारवर हल्ले चढविले, ती नौका २०१४ मध्ये तोडण्यात आली. तिच्या धातूचा उपयोग मोटारसायकलींसाठी झाला! याउलट राजीव चंद्रशेखर यांनी मिळविलेले जुने डाकोटा दुरुस्त होऊन २०१८ मध्ये ‘परशुराम’ या नावाने वायुदलात दाखल झाले. २७ ऑक्टोबर १९४७ रोजी श्रीनगरला सैन्य उतरविणाऱ्या डाकोटाचा ‘व्हीपी ९०५’ हा क्रमांक ते मिरविते.

‘हे मूळ विमान नव्हे,’ असा आक्षेप येईल. मग तसे फलकावर स्वच्छ लिहावे; त्यात कमीपणा कसला? जे विमान उभे राहू शकते, ते उभे करावे. मात्र ज्याच्या अवशेषांत वैमानिकाने देह ठेवला, त्याला रंग फासू नये. ते भग्नच जपावे. तिथे प्रत्येक ओरखडा बोलका असतो.

गोव्याच्या नौदल विमान संग्रहालयात सी हॉक आजही आहे. सहलीला समुद्र दाखविताना मुलांना तेही दाखवा!