एकच काम, दोन कायदे

अमेरिकेत घरोघरी पार्सले पोहोचविण्याच्या व्यवसायात यूपीएस आणि फेडेक्स या दोन बलाढ्य कंपन्या आहेत. यूपीएसची तपकिरी गाडी आणि फेडेक्स एक्स्प्रेसची पांढरी गाडी पुष्कळदा एकाच रस्त्यावर उभी दिसते. दोन्ही चालक सारखेच ओझे वाहतात, तेच जिने चढतात. तथापि कामगार संघटना उभारण्याच्या बाबतीत त्यांना दोन भिन्न कायदे लागू होतात. हा भेद न्याय्य आहे काय, यावर तेथे अनेक वर्षे वाद झाला. श्रमिकाचा हक्क त्याच्या कामावरून ठरावा की मालकाच्या वर्गवारीवरून, हा त्यातील मूळ प्रश्न आहे.

रेल्वे श्रम कायदा १९२६ चा. संपामुळे देशाची वाहतूक ठप्प होऊ नये, हा त्याचा उद्देश होता. १९३६ मध्ये तो विमान कंपन्यांनाही लागू झाला. या कायद्यानुसार एका प्रकारचे काम करणाऱ्या देशभरातील सर्व कामगारांची मिळून एकच संघटना व्हावी लागते. प्रदीर्घ मध्यस्थीनंतरच संप करता येतो. बहुतेक खासगी उद्योगांना मात्र १९३५ चा राष्ट्रीय श्रमसंबंध कायदा लागू आहे. त्यानुसार एखाद्या शहरातील एका केंद्राचे कामगारही संघटित होऊ शकतात. फेडेक्स एक्स्प्रेस पहिल्या कायद्याखाली, तर यूपीएसचे चालक दुसऱ्या कायद्याखाली येतात.

या भेदाची मुळे इतिहासात आहेत. यूपीएसचा आरंभ १९०७ मध्ये सिअ‍ॅटल येथे निरोप पोहोचविण्याच्या कामापासून झाला. फेडेक्सने १९७३ मध्ये मेम्फिस येथून विमानांनीच सेवा सुरू केली. पुढे यूपीएसनेही आपली विमानसेवा उभारली आणि आपणही रेल्वे श्रम कायद्याखाली यावे, असा दावा केला. राष्ट्रीय श्रमसंबंध मंडळाने १९९५ मध्ये तो फेटाळला. १९९६ मध्ये अपील न्यायालयाने तो निर्णय उचलून धरला. त्याच वर्षी संसदेने रेल्वे श्रम कायद्यातून वगळले गेलेले ‘एक्स्प्रेस कंपनी’ हे शब्द त्यात परत घातले. त्याचा लाभ फेडेक्सला झाला.

ऑगस्ट १९९७ मध्ये यूपीएसच्या सुमारे १,८५,००० कामगारांनी पंधरा दिवस संप केला. कंपनीला १०,००० पूर्णवेळ नोकऱ्या निर्माण करण्याचे मान्य करावे लागले. संघटित कामगार काय मिळवू शकतात आणि ग्राहकांची केवढी अडचण होऊ शकते, हे दोन्ही त्यातून दिसले.

मे २००९ मध्ये प्रतिनिधिगृहाने एक विधेयक मंजूर केले. वैमानिक व विमान-तंत्रज्ञ वगळता फेडेक्स एक्स्प्रेसच्या इतर कामगारांना दुसऱ्या कायद्याखाली आणण्याची तरतूद त्यात होती. यूपीएस आणि टीमस्टर्स संघटनेने तिला पाठिंबा दिला. प्रतिस्पर्ध्याला वाचविण्याचा हा घाट आहे, असा प्रचार फेडेक्सने केला. २०१२ मध्ये झालेल्या अंतिम कायद्यात ती तरतूद राहिली नाही.

दोन्ही पक्षांच्या म्हणण्यात तथ्य आहे. एका शहरातील संपाने देशव्यापी साखळी तुटू शकते, ही फेडेक्सची भीती निराधार नाही. पण तीच भीती यूपीएसलाही आहे. ज्या कायद्याखाली येण्यासाठी यूपीएस एके काळी धडपडली, त्यातूनच प्रतिस्पर्ध्याला बाहेर काढावे, असे तिने नंतर म्हटले. यावरून आम्हांस असे वाटते की, ‘समान न्याय’ हा शब्द येथे मुख्यतः कंपन्यांमधील स्पर्धेपुरताच वापरला गेला.

याहून बिकट स्थिती फेडेक्स ग्राउंडच्या चालकांची होती. गणवेश कंपनीचा, पण गाडी स्वतःची. आणि कागदोपत्री ते स्वतंत्र कंत्राटदार. २००९ मध्ये एका अपील न्यायालयाने त्यांना कंत्राटदार ठरविले, तर २०१४ मध्ये दुसऱ्याने कॅलिफोर्निया आणि ओरेगनमधील चालकांना कर्मचारी मानले. पुढे कॅलिफोर्नियातील दाव्यात कंपनीने २२ कोटी ८० लाख डॉलर देण्याचे मान्य केले. आता तेथील चालक लहान कंत्राटदार कंपन्यांचे नोकर असतात. अ‍ॅमेझॉननेही २०१८ पासून अशीच रचना स्वीकारली आहे.

पोप लिओ तेरावे यांनी १८९१ च्या ‘रेरुम नोवारुम’ या परिपत्रकात श्रमिकांच्या संघटित होण्याच्या हक्काचे समर्थन केले. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ च्या ‘लाबोरेम एक्झर्सेन्स’मध्ये संप हा मर्यादित अर्थाने न्याय्य मार्ग मानला, मात्र अत्यावश्यक सेवा खंडित होऊ नयेत, असेही बजावले. हा समतोल येथे उपयोगी पडतो. विमान चालविणाऱ्यास एक नियम आणि गाडी चालविणाऱ्यास दुसरा, हे समजण्याजोगे आहे. यूपीएसमध्ये तसेच चालते. परंतु गाडी चालविणाऱ्या दोघांना, केवळ मालक वेगळे म्हणून, वेगळे हक्क मिळावेत, याचे समर्थन आम्हांस करता येत नाही. कायद्याने प्रथम कामाकडे पाहावे, मग कंपनीच्या नावाकडे.