परीक्षेलाही हंगाम हवा

शेवगावच्या कोरडवाहू रानातल्या कपाशीचा पैसा पुण्याला जातो. तेथे खोलीचे भाडे, मेस, अभ्यासिका, क्लासची फी यांत तो संपतो. राज्यसेवेची तयारी करणाऱ्या मुलामुलींना आम्ही दोष देत नाही. मालाला भाव नाही म्हणूनच घर नोकरीकडे डोळे लावते.

पण पेरणीला मृगाचा तरी आधार असतो, लोकसेवा आयोगाच्या तारखेला तोही नाही. १४ मार्च २०२१ ची पूर्वपरीक्षा तीन दिवस आधी पुढे ढकलली. मुले पुण्यात रस्त्यावर उतरली, तेव्हा ती २१ मार्चला झाली. २५ ऑगस्ट २०२४ च्या परीक्षेच्या दिवशीच बँक भरतीची परीक्षा आली. कृषी सेवेच्या २५८ जागाही त्यात धरा, अशी मुलांची मागणी होती. मागणी रास्तच होती. पुन्हा आंदोलन झाले, आणि परीक्षा १ डिसेंबरला झाली. लांबलेल्या प्रत्येक महिन्याचे भाडे बापाच्या कपाशीतूनच गेले.

म्हणून आमची मागणी साधी आहे. जाहिरात, परीक्षा, निकाल आणि नेमणूक यांच्या तारखा बांधून द्या आणि पाळा.

घरानेही हिशेब मांडावा. वयाची अट खुल्या वर्गाला ३८ आहे, म्हणून तेवढी वर्षे घालवायची नसतात. किती प्रयत्न, किती खर्च, हे आधीच ठरवा. जमीन गहाण टाकू नका. मुलीलाही मुलाइतकीच संधी द्या. यश न मिळता परतलेल्याला हिणवू नका; शिकलेले डोके गावालाही हवे आहे.

पुढच्या बैठकीला त्यांनाही बरोबर आणा.