वॉटर्लू तोंडपाठ, वडगाव विस्मृत!

नेपोलियनचा अंतिम पराभव कोणी व कोठे केला, असा प्रश्न लोणावळ्यातील वा तळेगावातील हुशार विद्यार्थ्यास विचारला, तर वेलिंग्टन, वॉटर्लू, १८१५ हे उत्तर बहुधा तत्काळ येईल. पुणे-लोणावळा लोकल रोज ज्या वडगाव स्थानकावर थांबते, तेथे इंग्रजांच्या सेनेने कोणापुढे शस्त्रे ठेवली, या प्रश्नावर मात्र तोच विद्यार्थी गोंधळतो. दोष त्याचा नाही. ज्या शिक्षणाने त्याला बेल्जियममधील रणभूमी दाखविली आणि अंगणातील रणभूमी झाकून ठेवली, त्या शिक्षणाचा आहे.

युरोपीय सेनानींचा अभ्यास नको, असे कोणीही शहाणा म्हणणार नाही. प्रतिस्पर्ध्यावाचून सेनापती कळत नाही. युरोप हे जाणतो. वेलिंग्टन शिकविताना तेथे नेपोलियन वगळला जात नाही आणि फ्रान्सने आपल्या पराभूत सम्राटाच्या अस्थी १८४० मध्ये सन्मानाने पॅरिसला आणल्या. प्रश्न इतकाच की, मावळच्या मुलाला इंग्रज सेनानी शिकवायचे, तर त्यांचे मराठी प्रतिस्पर्धी का वगळायचे?

१७७८ च्या अखेरीस रघुनाथरावास पेशवाईच्या गादीवर बसविण्यासाठी मुंबईकर इंग्रजांची सुमारे ४ हजारांची फौज निघाली. कर्नल एगर्टन सेनापती, सोबत सल्लागार म्हणून जॉन कार्नॅक आणि सामान वाहण्यासाठी सुमारे १९ हजार बैल! बोरघाट चढून हे लटांबर मावळात आले. समोर महादजी शिंदे, तुकोजी होळकर, हरिपंत फडके आणि या सर्वांमागे नाना फडणवीसांची बुद्धी. मराठ्यांनी समोरासमोर डोके आपटले नाही. रसद तोडली, दाणा-वैरण जाळली. ४ जानेवारी १७७९ रोजी कार्ल्याजवळ कॅप्टन स्टुअर्ट पडला. ९ जानेवारीस इंग्रज तळेगावी पोहोचले, तेव्हा गाव ओस व जळालेले होते. पुणे अवघ्या काही कोसांवर असताना ११ तारखेच्या रात्री अवजड तोफा तळ्यात लोटून त्यांनी माघार घेतली. दुसऱ्या दिवशी वडगावला ते पुरते कोंडले गेले. १७७३ नंतर बळकावलेला साष्टीसह सर्व मुलूख परत करण्याचे व दोन अधिकारी ओलीस ठेवण्याचे मान्य करूनच त्यांची सुटका झाली. पुढे कंपनीने एगर्टन, कार्नॅक व कॉकबर्न या तिघांनाही सेवेतून बडतर्फ केले आणि दिलेला शब्दही मोडला.

इंग्रज इतिहासकारांनी या शरणागतीला 'वडगावचा करार' असे गोंडस नाव दिले. परक्याने आपली नामुष्की झाकावी, हे समजू शकते. पण स्वतंत्र भारतातील मराठी शिक्षकाने तेच पांघरूण का सांभाळावे? याउलट मराठ्यांची दिलदारी पाहावी. स्टुअर्टच्या शौर्यावर लुब्ध होऊन त्यांनी त्याला 'इष्टूर फाकडा' म्हटले आणि शत्रूचे ते नाव मावळने आजही जपले आहे. प्रतिस्पर्ध्याचा आदर करण्याची शिकवण मराठी माणसाला युरोपकडून उसनी आणावी लागत नाही.

तथापि केवळ विजयाचा जयजयकार म्हणजे इतिहास नव्हे. वॉटर्लूचा विजेता वेलिंग्टन हाच २३ सप्टेंबर १८०३ रोजी असईच्या रणांगणावर शिंदे-भोसल्यांना हरविणारा आर्थर वेलस्ली होय. आपली सर्वोत्तम लढाई म्हणून त्याने असईचेच नाव घेतल्याचे प्रसिद्ध आहे. वडगाव आणि असई यांत अवघे २४ वर्षांचे अंतर. एवढ्यात काय बदलले? इंग्रजांची शिस्त व तोफा होत्याच. पण वडगावला शिंदे आणि होळकर एका फळीत होते. १८०२ मध्ये मात्र पुण्याजवळ हडपसरला ते एकमेकांशी लढले, बाजीरावाने वसईला इंग्रजांशी तह केला आणि असईच्या दिवशी होळकर दूर उभे राहिले. महादजी १७९४ मध्ये आणि नाना १८०० मध्ये गेले. त्यांच्यामागे सर्वांना एकत्र बांधणारा कोणी उरला नाही. संघटित समाज जिंकतो आणि विघटित समाज शूर असूनही हरतो, हा धडा वेलिंग्टनच्या चरित्रातूनही मिळतो. मात्र तो वडगावपासून वाचावा लागतो.

एनसीईआरटीच्या आठवीच्या पुस्तकात २०२५ मध्ये मराठ्यांच्या उदयावर स्वतंत्र प्रकरण आले, हे स्वागतार्ह आहे. पण सारे काही दिल्लीवर सोपवून चालणार नाही. मावळातील शाळांनी सहल काढताना लोणावळ्याच्या चिक्कीच्या दुकानापाशीच थांबू नये. १६६१ साली शिवरायांनी कारतलबखानास कोंडले ती उंबरखिंड, स्टुअर्ट पडला ते कार्ले, वडगावचा विजयस्तंभ, हे सारे एका दिवसाच्या वाटेवर आहे. शिक्षकाने हाती नकाशा घ्यावा आणि पालकांनी घरी प्रश्न विचारावेत. ज्या मातीने इंग्रजांना गुडघे टेकायला लावले, त्या मातीतील मुलाने पराभवाचीच सनावळी पाठ करीत मोठे व्हावे, हे यापुढे तरी थांबले पाहिजे!